नाक तुटलेली बाई

लग्नापासून यांनी स्वतःचा रुमाल कधी धुतला नाही. आता रिटायर झाल्यावर मात्र दर शनिवारी शर्टाला स्वतः इस्त्री करतात आणि दादरहून विद्यापीठात पुरातत्त्वाच्या व्याख्यानाला जातात. म्हटलं, कोण भेटते तिथे, बघू तरी! या शनिवारी मीही ठेवणीतली साडी नेसून सोबत गेले.

साडीकडे यांचं लक्षच नाही. पडद्यावर एक ग्रीक पुतळा आला. बाईला नाक नाही, दोन्ही हात गायब.

"काय देखणी आहे गं!" हे पुढे सरकून म्हणाले. "अडीच हजार वर्षांची आहे, वाटते का?"

मी साडीचा पदर सारखा केला.

परतताना जिन्यात माझा गुडघा धरला. हे खालूनच ओरडले, "सांभाळून उतर गं, वय झालं आता तुझं!"