पुसलेले चार ठिपके

मित्रांनो, घासून घासून जिची ओळखच पुसली गेली, अशी मी एक जुनी शेगडी आहे. मला चार तोंडं दिली, पण बोलायला त्यातलं एकही कामाचं नाही. म्हणून सगळं पोटात राहिलं. आज तुमच्यापुढे ओकते.

माझा जन्म कारखान्यातला. माझे चार बर्नर चौकोनात बसवले, दोन पुढे आणि दोन मागे. बटणं मात्र चारही एका ओळीत. मग कोणतं बटण कोणत्या बर्नरचं, हे कळायचं कसं? त्यासाठी तिथे एक चित्रकार बाई होत्या. त्यांनी प्रत्येक बटणाच्या वर चार बारीक गोल काढले, तीन पोकळ आणि एक काळा भरलेला. काळा ठिपका जिथे, जाळ तिथे. एवढंसं चित्र, पण ते त्यांनी सतरा वेळा खोडलं. दर वेळी कागद घेऊन त्या झाडू मारणाऱ्या मावशींकडे जायच्या. मावशींना अक्षर येत नव्हतं. मावशींचं बोट चुकलं, की कागद केरात.

"मावशी चुकत नाहीत, माझं चित्र चुकतं," असं त्या म्हणायच्या. अशी माणसं आता दिवा घेऊन शोधा.

चित्रं पत्र्यात कोरायची, हा त्यांचा हट्ट होता. साहेब म्हणाले, "शाईचा छाप मारा, पटकन होतं."

"साहेब, घासून जाईल."

"अहो, रोज एवढं घासतंय कोण?"

छाप मारला. आणि माझं नशीब बघा, साहेबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर ज्या घरात नांदत होतं, त्याच घरात मी जाऊन पडले.

त्या घरच्या बाईंना शेजारणी पाठीमागे फौजदारीण म्हणत. शाळा दुसरीपर्यंत, पण घरात त्यांच्या शब्दाबाहेर भांडंही वाजायचं नाही. माझ्याबरोबर एक पुस्तिका आली होती. शिकलेली सून ती उलटसुलट करत बसली. फौजदारणीने चित्रावर एकदा नजर टाकली आणि चारही बर्नर अचूक पेटवून दाखवले.

"त्यात वाचायचं काय? ठिपका दाखवतोय की! अगं, शिकून डोळे गेले का तुझे?"

त्या दिवशी मला धन्य वाटलं. मावशींसाठी काढलेलं चित्र योग्य माणसाला पोचलं होतं.

बाईंचा एक नेम होता. स्वयंपाक उरकला, की तारेची घासणी आणि पावडर घेऊन मला घासायचं. पाहुणे आले की आधी मला दाखवायच्या. "बघा, तोंड दिसतं त्यात!" मी फुगून जायचे. कौतुक कुणाला आवडत नाही? पण चौथ्या वर्षी पहिला ठिपका फिकट झाला.

"आई, जरा हलक्या हाताने. चित्रं चाललीत," सून म्हणाली.

"जाऊ देत. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझी बोटं ओळखतात तिला."

सुनेने लाल नेलपॉलिशचे ठिपके काढलेल्या चार चिकटपट्ट्या माझ्यावर लावल्या. बाईंनी सुरीच्या टोकाने त्या त्याच दुपारी खरवडल्या. "माझ्या शेगडीला ठिगळं नकोत!" मीही मनात म्हटलं, बरं केलं. मित्रांनो, तेव्हा मीसुद्धा मूर्खच होते. चकाकीच्या नादात माझी जीभ जातेय, हे मला कळलंच नाही.

वर्षं गेली. चारही चित्रं गेली. बाई बोटांच्या भरवशावर रांधत राहिल्या. पुढे त्यांच्याकडून भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडू लागला. कुणी काही म्हटलं, की त्या ताडकन म्हणायच्या, "हात लावू नका माझ्या स्वयंपाकघराला. मी अजून जिवंत आहे!" तेवढं एक राज्य त्यांना उरलं होतं.

एका दुपारी त्यांनी मागच्या बर्नरवर दूध ठेवलं आणि बटण फिरवलं पुढचं. लायटर मागे खटखट करत राहिला, गॅस पुढून सुटत राहिला. भडका उडाला. मनगट पोळलं, भुवया जळाल्या. मी ओरडत होते, "ते नव्हे, त्याच्या शेजारचं!" पण मी ज्या ठिपक्यांनी बोलायचे, ते ठिपके होते कुठे?

मुलगा घाईने आला आणि लायटर काढून घेऊन गेला. "आई, आता बास. तू आत यायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी बाई तरीही आल्या. माझ्यावर वाकल्या. बटणांच्या वरून बोट फिरवू लागल्या, हरवलेली सुई जमिनीवर शोधावी तसं. मग जन्मात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात सुनेला म्हणाल्या, "अगं, ते तुझे लाल ठिपके एकदा लावून दे ना. मग मी नाही चुकायची. सांग त्याला."

सुनेने डोळे पुसत चार नव्या पट्ट्या लावल्या. बाईंनी चष्मा नाकावर चढवला. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे काय गं?"

"आई, ठिपका आहे तो. लाल जिथे, जाळ तिथे."

"हो, पण… ठिपका कशाचा?"

जे चित्र त्यांनी एका नजरेत वाचलं होतं, ते आता त्यांच्यासाठी नुसते डाग होते. त्या स्वतःच्या पायांनी बाहेर गेल्या. कुणाला हाताला धरून न्यावं लागलं नाही.

आता स्वयंपाकघरात काचेची सपाट शेगडी आली आहे. मी मागच्या ओसरीत, कुंड्यांच्या खाली. मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. वस्तू स्वच्छ ठेवा, पण तिच्या अंगावरची खूण राखून घासा. आणि घरात कुणी म्हणालं, की खूण पुसट होतेय, तर त्याच दिवशी ऐका. नंतर लावलेली खूण कोरी राहते. तुम्ही ऐकाल, असं मला वाटत नाही. आम्हीही ऐकलं नव्हतं.

दुपारी बाई ओसरीत येतात. कुंड्या बाजूला सरकवतात आणि कोरड्या फडक्याने मला पुसत बसतात. मध्येच थांबून विचारतात, "तू कुणाकडची गं?"

मी अजूनही चकचकीत आहे. त्यांचं तोंड माझ्यात स्वच्छ दिसतं. त्या तिकडे बघतात आणि तेही पुसतात.