काळ्या मण्यांशिवाय

मी बोलतोय, मार्थाबाईंच्या गळ्यातला क्रूस. नखाएवढाच आहे, पण सोन्याचा. सोनपेठच्या बन्सीधर सोनारानं मला घडवलं. त्यानं जन्मात कधी क्रूस केला नव्हता. "वरची बाजू कोणती, तेवढं सांगा," असं त्यानं योसेफरावांना विचारलं होतं. बाईंच्या आणि त्यांच्या लग्नात मला काळ्या मण्यांत, दोन वाट्यांच्या जागी ओवलं. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत तशी रीत आहे.

पेडगावच्या शाळेत बाई चौथीला शिकवतात. तिथं मी मंगळसूत्र म्हणून खपून गेलो. हजेरी घेताना बाई मला चिमटीत धरत आणि एकेका नावापाशी मनातल्या मनात प्रार्थना करत. पोरांना वाटे, बाईंची सवय असेल.

यंदा पोळ्यानंतर योसेफराव गेले. नणंदेनं मणी उतरवले. बाईंनी मला तेवढं मागून घेतलं, साध्या दोऱ्यात ओवलं आणि शाळेत गेल्या.

तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

खिचडी शिजवणाऱ्या कडूबाई म्हणाल्या, "बाई, मालक गेल्यावर गळ्यात हे कशाला ठिवायलाव? लोक नावं ठिवत्यात."

मुख्याध्यापक तात्याराव म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. मण्यात होतं तवर कुणाचं काई म्हणणं नव्हतं. आता नुसता क्रूस दिसायलाय. उगं कुणी तक्रार करंल. आत घालत जा."

एकीला मी नवऱ्याची खूण वाटलो, दुसऱ्याला देवाची. मग मी नेमका कोणाचा? बाईंनाही ठाऊक नसावं. त्यांनी मला पदराआड सारलं. हजेरीच्या वेळी त्यांची बोटं गळ्याशी येत आणि रिकामीच परत जात.

मागच्या आठवड्यात भक्ती शाळेत परतली. तिचे वडील विहिरीच्या कामावर गेले होते, ते परत आलेच नाहीत. दरड कोसळली. हजेरीआधी ती टेबलाजवळ आली.

"मॅडम, योसेफकाका का गेले, हे तुमी देवाला विचारलं का?"

दारात तात्याराव उभे होते. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग पोरीकडं.

"रोज विचारते."

"मग? काय म्हणला?"

"अजून काही नाही. पण मी विचारायचं सोडलं नाही."

"मग आमच्या बाबाचं बी विचारा."

बाईंनी मला बाहेर काढलं, चिमटीत धरलं आणि हजेरी सुरू केली. भक्तीच्या नावापाशी त्या बराच वेळ थांबल्या. तात्याराव दारातून निघून गेले. रागावले की काय, समजलं नाही.

तेव्हापासून मी बाहेरच आहे. खूण कोणाची, ते मला अजून उलगडलेलं नाही. कधी पेडगावला आलात, तर मला पाहून तुम्हीच काय ते ठरवा. फक्त हजेरी संपेपर्यंत थांबा.