शिंपी कशाने गेला

सकाळी पावणेसातला वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवरचा शिंपी वारला. आदल्या संध्याकाळी तो धाप लागून आला होता. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असावी असं धरून शिकाऊ डॉक्टरणीने रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू केलं होतं. पहाटे रक्तदाब कोसळला, तो सावरलाच नाही.

पोलिसांत जाण्याजोगं काही नव्हतं, त्यामुळे शवविच्छेदन घरच्यांच्या मर्जीवर. या रुग्णालयाचा रिवाज असा, की ज्याने उपचार केले त्यानेच परवानगी मागायची आणि टेबलापाशीही त्यानेच उभं राहायचं. मोठ्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, नाही म्हणाले तर गळ घालत बसू नकोस.

मुलगा नाहीच म्हणाला. वडिलांचे हाल आणखी नकोत. बोलता बोलता तो हेही बोलून गेला, की गुडघ्यासाठी ते रोज दुखण्याच्या गोळ्या खायचे. अशा गोळ्यांनी जठराला जखम होते, आणि रक्त पातळ केलं की ती वाहत राहते. संध्याकाळी डॉक्टरणीने हे विचारलंच नव्हतं.

मुलाचा नकार घेऊन तिला निघता आलं असतं. ती शिंप्याच्या बायकोसमोर बसली.

"काकू, कदाचित माझ्याच इंजेक्शनने झालं असेल. उघडून पाहिल्याशिवाय कळणार नाही."

मुलगा ताडकन उठला. आईने त्याला मनगट धरून खाली बसवलं.

"ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शिवणी उसवल्या," ती म्हणाली. "नीट शिवून परत द्या म्हणजे झालं. आणि काय निघालं ते तूच येऊन सांगायचं, पोरी. दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही."

शवागारातल्या मदतनिसाने अ‍ॅप्रन देताना सांगितलं, की नवे लोक दाराशीच उभे राहतात, चक्कर आली की बाहेर पडायला बरं. ती टेबलाशी गेली.

फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी निघाली. निदान बरोबर होतं. मग जठर उघडलं. ते काळसर रक्ताने भरलेलं होतं.

"यातल्या कशाने?" तिने विचारलं.

"गुठळी मोठी आहे. रक्तही कमी नाही," विच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला तुकडे काढू लागले.

बाहेर येऊन तिने दोन्ही सांगितलं. बायकोने ते पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावलं. मुलाने तिचं पूर्ण नाव विचारून घेतलं.

दुपारी ते शिंप्याला घेऊन गेले. तुकड्यांचा अहवाल अजून आलेला नाही.