उन्हाकडचं टोक

आई गेल्यानंतर लेक पहिल्यांदाच माहेरी आली होती. नर्सची ड्यूटी संपवून, तशीच पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, संध्याकाळी परतायचं ठरवूनच. बाबांनी चहा दिला तो ठेवणीतल्या कपात, आणि तिचं तोंड एवढंसं झालं. तो कप पाहुण्यांचा. आई होती तोवर हे घर आपलं होतं, आता आपणही पाहुणीच, असं वाटून तिला भरून आलं.

डोळे लपवायला ती गॅलरीत गेली, तर तिथे आनंदीआनंद! बाबांचे शर्ट, टॉवेल, चादर, सगळं भिंतीकडच्या अर्ध्या दोरीवर एकमेकांच्या उरावर बसलेलं. उन्हाकडचं टोक मोकळंच. आईने घर डोक्यावर घेतलं असतं. तिचा कायदाच होता: कपडा आधी सणसणीत झटकायचा, शर्ट उलटा धरून खालच्या काठाला चिमटे लावायचे. खांद्यावर चिमटा दिसला की बाबांची खैर नसायची. बाबा तर शर्टाचा पिळून दोरखंड करायचे आणि तसाच दोरीवर भिरकवायचे.

"वाळतोय ना? मग झालं!"

त्यावरून दोघांची रोज जुंपायची आणि ही आत वेणी घालता घालता हसायची. काय दिवस होते ते!

तिने बाह्या सरसावल्या. शर्ट झटकून, उलटे करून, आईसारखे ऐसपैस लावले, पार टोकापर्यंत. मागून बाबा आले आणि टोकाकडचे शर्ट काढून पुन्हा भिंतीकडे कोंबू लागले.

"अहो बाबा, कुबट वास येईल! इकडे एवढं ऊन आहे."

"तिकडे नाही लावायचं."

"का पण?"

"तुझा युनिफॉर्म असतो ना तिथे," चिमटा दातात धरून बाबा म्हणाले. "सकाळपर्यंत वाळायला हवा म्हणून आई कुणाला हात लावू द्यायची का त्या टोकाला? एकदा माझा टॉवेल टाकला, तर दोन दिवस अबोला."

"माझ्या लग्नाला किती वर्षं झाली, बाबा!"

"मग? तू गेल्यावरही ती जागा सोडायचीच. मी कोण बदलणार?"

टोकाला उरलेला शर्ट तिने स्वतःच काढून भिंतीकडे लावला. मग रागावल्यासारखं करत म्हणाली, "आणि मला पाहुण्यांचा कप का दिलात?"

"बाकीचे घासायचे राहिलेत," बाबा ओशाळून म्हणाले.

ती हसली, आणि हसता हसता रडली. थोड्या वेळाने आईचा जुना गाऊन घालून तिने युनिफॉर्म धुतला, झटकला, उन्हाकडच्या टोकाला उलटा लावला आणि नवऱ्याला फोन केला.

"उद्या येते. माझे कपडे वाळायचेत."