निकिताची नोंद

“सर, तुमचं हे फुकट हाय, चांगलं हाय, समदं कबूल. पन बंद पडलं तर नीट कोन करनार?” पाथर्डीच्या शिक्षण परिषदेत मच्छिंद्र गुरुजींनी भर सभेत विचारलं.

“मी आहे ना,” मी म्हणालो. काय ऐट होती माझी!

मी नृसिंह, संगणक शिक्षक. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांसाठी मी एक वेबसाईट केली होती. मूल इथं किती शिकलं ते आम्ही नोंदवायचं, कारखान्यावरच्या शाळेनं ते वाचून पुढचं शिकवायचं. सगळा कोड मोकळा ठेवला होता. कोणीही घ्यावा, बदलावा. फक्त तो लिस्प नावाच्या भाषेत होता. ती येणारा दुसरा माणूस मला जिल्ह्यात भेटला नव्हता, आणि खरं सांगतो, त्याचाच मला गर्व होता.

चहाच्या वेळी अंगद हा तरुण शिक्षक जवळ आला. “सर, आमाला येती त्या भाषेत मी परत लिहू का? न्हाईतर मला ही तरी शिकवा.”

“त्याला डोकं लागतं, अंगद.”

बिचारा हिरमुसला. पुन्हा कधी विचारायला आला नाही.

तरी दोन शाळांनी ते घेतलं, एक आमच्या जयाबाईंची आणि एक कारखान्यावरची. दोन हंगाम छान गेले. जयाबाईंच्या वर्गातली निकिता तिकडून परत यायची ती पुढचं शिकूनच.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तोडीच्या गाड्या निघाल्या आणि त्याच आठवड्यात मी बायपाससाठी नगरला दाखल झालो. वेबसाईट बंद पडली. जयाबाईंनी अंगदला दाखवलं. त्यानं रात्रंदिवस डोकं घातलं नि शेवटी हात टेकले. मला मात्र घरच्यांनी काही कळूच दिलं नाही.

बरा होऊन बसलो तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. चूक एका ओळीची. दहा मिनिटांत दुरुस्त केली.

गाड्या परतल्या तसा निकिताच्या घरी गेलो. तिची आजी गोजरबाई दारातच बसली होती.

“तिथं गुरुजी नवं हुतं,” ती म्हणाली. “हिला काय येतंय ते त्यास्नी ठावं न्हाई. बसवली दुसरीच्या पोरांत. पाचवीची पोर ती! लई लाजली. चार दिस गेली, मंग आईसंगं फडातच जाऊ लागली. आता न्हाई म्हनती शाळंला.”

मी मोबाईलवर तिची नोंद उघडून निकितासमोर धरली. तिनं हात फ्रॉकला पुसले आणि घडाघडा वाचलं, “भागाकार येतो. आता दशांश घ्या.”

मग माझ्याकडं पाहिलं. “लिवलं हुतं की, सर.”

“चुकलं माझं, पोरी.”

मोबाईल परत देताना तिच्या तळव्याचे घट्टे माझ्या बोटांना लागले.

“बसा, च्या ठेवते,” म्हणाली आणि आत गेली.