आडवा कंदील

अमेरिकेतल्या अल्टूना गावी, रेल्वे कामगार युनियनच्या सभागृहात हॅनिगन वकिलांचा निरोप समारंभ रंगला होता. जखमी रेल्वे कामगारांचे खटले लढवण्यात त्यांची हयात गेली, पण भाषण आवरतं घेणं काही जमलं नाही. कॉफी गार झाली तरी त्यांची गाडी सुसाट!

शेवटी त्यांचा जुना अशील एमेट उठला. डबे जोडताना त्याने कंदील आडवा हलवून थांबायची खूण केली होती; ड्रायव्हर थांबला नाही आणि एमेटचा पाय गेला. आज त्याने तोच कंदील वकिलांसमोर आडवा हलवला.

हॅनिगन वाक्य अर्धवट सोडून गप्प झाले.

"थांबलात का हो? बोला की!" कुणीतरी डिवचलं.

"छट्! कंदील आडवा हलला की जागच्या जागी थांबायचं, हे कोर्टात घसा फोडून मीच सांगितलंय!"

एमेट लाकडी पाय आपटत खदखदून हसला. "बघा मंडळी, थांबायचं म्हटलं की थांबता येतं!"