पाच मिलिमीटरचा दिवा

छुंगमुरोच्या छपाईगल्लीत प्यो दोक-सू यांच्या पात्यांची धार जितकी नावाजलेली होती, तितकाच त्यांचा हट्टही. लाकडी फळीत पोलादी पाती वाकवून बसवायची, त्या साच्याखाली छापील पुठ्ठा दाबायचा आणि त्याची सुबक पेटी घडावी अशा बेताने त्याला कापून, दुमडींच्या रेघा पाडून द्यायचा, हे काम ते बेचाळीस वर्षे करीत आले होते. औषधांची खोकी आणि केकचे डबे यांवर त्यांचा संसार झाला. परंतु गेल्या सहा-सात वर्षांत त्यांना एक निराळे गिऱ्हाईक लाभले होते. जुने चित्रपट ब्लू-रे चकत्यांवर काढून, देखण्या पेट्यांत घालून, हौशी संग्राहकांना विकणारी तीन माणसांची एक कंपनी आपली सगळी वेष्टने त्यांच्याच यंत्रावर कापून घेई.

"चित्रपट फोनवर दिसतो, मग ही माणसं खोकं कशाला विकत घेतात?" शेजारच्या कागदवाल्याने एकदा खवचटपणे विचारले होते.

"पाणी नळाला येतं, म्हणून तू घरात पेला ठेवत नाहीस काय?" दोक-सूंनी पाते घासता घासताच उत्तर दिले.

त्या कंपनीची वेष्टने बांग ये-सल नावाची एकतीस वर्षांची मुलगी रचीत असे. दोक-सूंना ती आवडे, कारण ती भांडे. कोपरा किती गोल असावा, दुमड किती खोल पडावी, अक्षरे उठावाची करावीत की सपाट ठेवावीत, या प्रत्येक प्रश्नावर दोघांची जुंपे. त्यांचा सर्वांत जुना आणि कधीही न मिटलेला तंटा मात्र एका शब्दाचा होता. पेटी कपाटाच्या फळीवर उभी ठेवल्यावर तिची जी अरुंद बाजू बाहेर दिसते, तिला गल्लीतले सगळे जुने कारागीर 'सेनेका' म्हणत.

"मालक, तो जपानी शब्द आहे. जपानी राज्य जाऊनही जमाना झाला," ये-सल म्हणे. "आपला शब्द आहे ना चांगला. दुंग. पाठ."

"दुंग म्हणजे दिवा."

"दुंग म्हणजे दिवाही आणि पाठही."

"म्हणजे एका शब्दाला दोन नोकऱ्या, आणि दोन्हीकडे कामचुकारपणा. माझा सेनेका एकच काम करतो, पण नीट करतो, बांगबाई."

त्या बाजूविषयी त्यांचा सिद्धान्तही ठरलेला होता. पेटीचे तोंड, म्हणजे मुखपृष्ठ, माणूस विकत घेताना एकदाच पाहतो. पुढे जन्मभर त्याला दिसते ती पाठ. म्हणून पाठ ज्याने साधली, त्याने पेटी साधली. हे ते इतक्यांदा ऐकवीत की ये-सल त्यांच्याबरोबर ओठ हलवून तेच वाक्य म्हणून दाखवी.

वसंत संपता संपता ती एका जुन्या चित्रपटाचे वेष्टन घेऊन आली. 'मिठागरावरची सावली' हे नाव वाचताच दोक-सूंनी हातातला चिमटा खाली ठेवला. मुखपृष्ठावर नटाचा चेहरा नव्हता, नटीचे अश्रू नव्हते. संध्याकाळचे निळे-करडे मिठागर पेटीच्या चारही कडांपर्यंत पसरले होते; दूर एक झोपडी, आणि तिच्या खिडकीत मिरीच्या दाण्याएवढा पिवळा दिवा. बाकी सारा रिकामा अवकाश.

"फारच रिकामं वाटतं का?" ये-सलने विचारले.

"नाही," दोक-सू म्हणाले. ते भांडले नाहीत, याचेच तिला नवल वाटले.

त्यांना तो दिवा ओळखीचा होता. तो त्यांच्या भावोजींनी लावला होता. मेंग जोंग-मान हे त्या चित्रपटाच्या वेळी प्रकाशयोजनाकाराचे दुय्यम साहाय्यक होते; चित्रीकरणाच्या तिसऱ्या आठवड्यात मुख्य माणूस काविळीने अंथरुणाला खिळला आणि उरलेला सगळा चित्रपट भावोजींनी उजळला. ही हकीकत दोक-सूंच्या थोरल्या बहिणीने, सुन-रेताईने, आयुष्यभर इतक्या वेळा सांगितली होती की घरात ती आता कोणी फारशी ऐकत नसे. चित्रपटाच्या सुरुवातीची नामावलीची फीत केव्हाच हरवली होती. भावोजी जाऊन चार वर्षे झाली होती. ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तिची मागणी एवढीच होती, की पेटीवर कुठेतरी, कितीही बारीक, त्यांचे नाव एकदा छापले जावे.

दोक-सूंनी ही गोष्ट ये-सलकडे काढली, तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

"मालक, सरकारी दफ्तरात एकच यादी सापडली आहे," ती हळू म्हणाली. "तीत प्रकाशयोजनेपुढे मुख्य माणसाचंच नाव आहे. कागदाबाहेरचं एकही नाव घालायचं नाही, ही आमची अट आहे. नाहीतर उद्या कोणीही येईल. तुमच्याकडे एखादा फोटो? पत्र?"

"माझी ताई आहे."

"ताई पुरावा नाही होऊ शकत."

"ते तू तिला सांग," दोक-सू म्हणाले. पण नियम चुकीचा आहे असे त्यांना म्हणवेना. एरवी नियमाच्या बाजूने तेच भांडले असते.

पंधरा दिवसांनी छापील पुठ्ठ्यांच्या रिमा तीनचाकीवर लादून गल्लीत आल्या. ये-सल बुसानच्या संग्राहक मेळ्याला गेली होती. जाताना तिने बजावले होते, की पेटीत सरकवायच्या आतल्या खोक्याचा कागद आठवड्याने छापायचा आहे, बाहेरच्या पेट्या मात्र तोवर कापून हव्यात. नमुन्यासाठी थांबू नका. दुपारी तिचा निरोप फोनवर उमटला : 'मालक, एक राहिलं. दुंगच्या मधोमध भोक हवं. पाच मिलिमीटर, गोल.'

दोक-सूंनी तो निरोप दोनदा वाचला. मग त्यांनी छापील पुठ्ठा उजेडात धरला आणि खिडकीतल्या दिव्यावर पट्टी ठेवली. बरोबर पाच मिलिमीटर. त्यांच्या मनात एक शंका डोकावली. तिला त्यांनी, अवेळी आलेल्या पाहुण्याला दाराशीच तिष्ठत ठेवावे तसे ठेवले. मग गोल पाते घडवले, साच्यात ठोकले आणि यंत्र सुरू केले. पंधराशे पेट्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कापून झाल्या.

तिसऱ्या दिवशी ये-सल आली, तेव्हा एक पेटी दुमडून, चिकटवून, मेजावर उभी होती. दोक-सू शेजारी हात मागे बांधून उभे होते.

ती पेटीकडे पाहत राहिली. मग तिने पेटी उचलून तिची अरुंद बाजू पाहिली, आणि पुन्हा तोंड पाहिले.

"हे काय?"

"तू लिहिलंस तेच. दुंगच्या मधोमध. पाच मिलिमीटर. गोल."

"दुंगच्या! पाठीच्या, मालक! आतल्या खोक्यावरचा क्रमांक त्या भोकातून दिसायचा होता!"

"या दुकानात पाठीला सेनेका म्हणतात."

"आणि मी सात वर्षं दुंग म्हणतेय, हे तुम्हाला ठाऊक नाही?" ती कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. "दिवाच काढून टाकलात तुम्ही. अख्ख्या चित्रात तेवढा एकच होता."

तेव्हा कुठे दोक-सूंनी यंत्राखालच्या कचऱ्याच्या ट्रेकडे पाहिले. तिथे पंधराशे पिवळे ठिपके, सांडलेल्या कण्यांसारखे, पडले होते. भावोजींचा दिवा त्यांनी पंधराशे वेळा, स्वतःच्या हाताने, चित्रातून उपटला होता. पेटीच्या खिडकीत आता काळोख होता.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "शंका आली होती मला. विचारलं नाही. विचारलं असतं तर तू 'पाठ' म्हणाली असतीस, आणि मला दिवा हवा होता. वाटलं, नाव नाही तर नाही, निदान भावोजींच्या दिव्याला बोटाने स्पर्श करता येईल असं काहीतरी होतंय. चूक कानाची नाही, बांगबाई. मनाची आहे."

बेचाळीस वर्षांत या माणसाने चूक कबूल केल्याचे गल्लीत कोणी ऐकले नव्हते, आणि ती कबुली ऐकण्याची वेळ अशी यावी याचे ये-सलला रागातही वाईट वाटत असावे.

नेमकी त्याच वेळी सुन-रेताई दर गुरुवारप्रमाणे डबा घेऊन आली. डब्यात भाताच्या किंबाप गुंडाळ्या होत्या आणि तिच्या तोंडात नेहमीची तक्रार होती.

"काय रे, मेलं कोण? दोघंही तोंडं पाडून बसलात ती?" मग तिला पेटी दिसली. "अगंबाई! झोपडी!"

तिने चष्मा चढवला, खिडकीवर बोट ठेवले, आणि बोटाचे टोक आत गेले. "इथला दिवा कुठाय?"

ये-सल उठली. मेजावर आतल्या खोक्याचा पांढऱ्या कागदात गुंडाळलेला नमुना होता. काहीतरी करायचे म्हणूनच जणू तिने तो पेटीत सरकवला. खिडकीत पांढरा ठिपका उगवला. तिने नमुना ओढला, खिडकी मालवली. पुन्हा सरकवला, खिडकी उजळली. आता तिचे डोळे बारीक झाले होते, आणि दोक-सूंना ती नजर ठाऊक होती. काम सुरू झाल्याची ती खूण होती.

"इतका पांढरा नव्हता हो," ताई म्हणाली. "बल्ब पांढराच होता, पण पुढे कागद लावला होता ना. तेल पाजलेला. जुन्या घरांत जमिनीवर चिकटवायचे, त्या कागदासारखा पिवळा."

"तुम्हाला कसं माहीत, आजी?"

"कसं म्हणजे? बल्ब माझ्या शिवणाच्या मशीनचा! मोठे दिवे लावले की झोपडी दुकानासारखी दिसते, म्हणून हा गृहस्थ घरी आला, माझ्या मशीनचा बल्ब काढून खिशात घातला आणि गेला. मिठागराच्या कचेरीतून वायर ओढली म्हणे. पंधरा दिवस माझं मशीन आंधळं! मी खिडकीशी बसून, ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत, शेजारणीच्या लेकीच्या लग्नाचे कपडे शिवले. एक बाही वाकडी झाली ती झालीच. परत आला तेव्हा म्हणतो, 'तुझा बल्ब सिनेमात गेला.' मी म्हटलं, 'सिनेमात जाऊ दे, माझ्या मशीनमध्ये कधी येतोय?'"

दोक-सूंनी ही गोष्ट पूर्वी शंभरदा ऐकली असेल. बाहीचा तपशील मात्र त्यांनी आजच ऐकला. कदाचित आजवर ते शेवटपर्यंत थांबलेच नव्हते.

ये-सलने रंगांच्या नमुन्यांची पट्टी ताईपुढे पसरली. ताईने केशरी नाकारला, लिंबाचा नाकारला, मधाचा रंग दोनदा उलटसुलट पाहून नाकारला, आणि शेवटी एका मळकट पिवळ्यावर बोट टेकवले. "हा. पहिल्या वर्षाचा नाही, तीन हिवाळे पाहिलेला कागद."

"आतल्या कागदावर या जागी हा रंग येईल," ये-सल म्हणाली. "पेटीत खोकं घातलं की दिवा लागेल. काढलं की मालवेल. क्रमांक आतच छापू." मग ती जरा थांबली. "यादी कागदाप्रमाणेच राहील, आजी. तीत मला काही करता येणार नाही. पण दिव्याच्या आत काय असावं, हे यादीत लिहिलेलं नाही. ते वेष्टन करणाऱ्याच्या हातात असतं. आपल्या लिपीत नावाची तीनच अक्षरं होतात, ती पाच मिलिमीटरात मावतील. मेंग, जोंग, मान."

"भिंग लागेल वाचायला," दोक-सू सवयीने म्हणाले.

"लागू दे," ताई म्हणाली. "माझ्याकडे सुईत दोरा ओवायचं आहे." आणि मग ती डबा उघडण्यात इतकी गुंतली, की तिच्याकडे कोणी पाहू नये.

पुढच्या कामाच्या वेळी ये-सलने आराखड्यावर, कोणताही घोटाळा नको म्हणून, स्वच्छ अक्षरांत 'सेनेका' असे लिहून पाठवले. दोक-सूंनी फोन उचलून विचारले, "हा कुठला शब्द? आपली भाषा येत नाही काय? पाठ म्हण." पलीकडून बराच वेळ नुसते हसणे ऐकू आले.

तयार झालेली मिठागराची पेटी घेऊन ते स्वतः ताईकडे गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. ताईने शिवणाच्या मशीनवरचा कपडा झटकला आणि पेटी तिथे, भिंतीला टेकवून, तोंड पुढे करून उभी केली.

"ताई, पाठ बाहेर करून ठेवतात ती. पेटीचं तोंड माणूस एकदाच—"

"पाठ करून कशाला बसेल तो माझ्याकडे?"

दोक-सूंकडे या सिद्धान्ताच्या बाजूने बेचाळीस वर्षांचे युक्तिवाद होते. त्यांनी त्यांतला एकही काढला नाही. ताईने आतले खोके हलकेच ओढून काढले, भिंग डोळ्याशी नेले आणि तीन अक्षरांवर ते बराच वेळ धरून ठेवले. खिडकी तेवढा वेळ काळी होती. मग तिने खोके पुन्हा सरकवले. पुठ्ठ्यावर पुठ्ठा घासल्याचा बारीक आवाज झाला, आणि मिठागरात दिवा लागला.

"आता बस," ती भावाला म्हणाली. "जेवून जा."